फोंतनेचा घण

दिवस पहिला

पॅरिसहून गाडी सुटली आणि तासाभरात मोंबार आलंसुद्धा. एवढ्या वेळात आमची कोल्हापूरची गाडी जेमतेम मिरजेला टेकते. उतरणारे आम्ही दोघं, एक कॉलेजातली पोरगी आणि सायकल खांद्यावर घेतलेला एक म्हातारा. फलाट रिकामा झाला तशी बायको म्हणाली, "अहो, बरोबर ठिकाणी उतरलोय ना?"

मुलगी पॅरिसात शिकते. आठवडाभर तिनं आम्हाला तिथलं सगळं हिंडवलं, पण रांगांत उभं राहून माझे गुडघे बोलायला लागले. मी म्हटलं, आता लोखंडाचं काहीतरी जुनं दाखव बाई. बायकोला हवी होती शांत जागा, देवळासारखी. पोरीनं रात्री मोबाईलमध्ये डोकं घालून दोघांचंही भागेल अशी एकच जागा काढली : बर्गंडी प्रांतातला फोंतनेचा मठ. 1118 सालचा. तिथं चर्चही आहे आणि लोहारशाळाही. तिची परीक्षा होती, म्हणून आमची दोघांचीच रवानगी केली. सोबत एक कागद दिला, त्यावर लागतील तेवढी फ्रेंच वाक्यं देवनागरीत. ‘सिल व्हू प्ले’, म्हणजे ‘कृपया’, हे प्रत्येक वाक्याला चिकटवायचं, नाहीतर लोक उद्धट समजतात, असं बजावून.

माझा धंदा सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिरोली एमआयडीसीत माझी फोर्जिंगची शेड होती, 31 वर्षं. भट्टीतून लालबुंद तुकडा सांडशीनं काढायचा, डायवर ठेवायचा आणि वरून हॅमर सोडायचा, एवढंच आयुष्यभर केलं. निम्मे कान तिथंच गेले. घर शेडच्या मागंच असल्यामुळे बायकोचेही थोडे गेले असणार, पण ती कबूल करत नाही.

मोंबार छोटंसं गाव आहे. मधून बर्गंडीचा कालवा जातो, पाणी इतकं संथ की वाहतंय की नाही कळू नये. गाव ब्युफोंचं. हा अठराव्या शतकातला मोठा निसर्गअभ्यासक, जन्म इथलाच, 1707 चा. संध्याकाळी आम्ही त्याच्या बागेत चढून गेलो. टेकडीवर सरदारांचा जुना किल्ला होता. ब्युफोंनं त्यातले एक-दोन बुरूज ठेवले, बाकीचं पाडून बाग केली. मला त्याची एक गोष्ट फार आवडली. पृथ्वीचं वय किती हे काढायला त्यानं लोखंडाचे गोळे तापवले आणि ते निवायला किती वेळ लागतो ते मोजलं. लहान गोळा एवढ्या वेळात निवतो, तर पृथ्वीएवढा किती वेळात? हिशेब आला सुमारे 75 हजार वर्षांचा. उत्तर चुकलं, पण बायबलवरून सहा हजार वर्षं मानणाऱ्या काळात हे बोलायला छाती लागते. आणि निवणारं लोखंड बघत बसायची सवय असलेल्या माणसालाच हे सुचणार.

ज्या बाईंच्या घरी खोली घेतली होती, त्यांनी रात्री जेवणानंतर एपोआस नावाचं इथलं चीज पुढं ठेवलं. झाकण काढल्याबरोबर सुकटीचा डबा उघडल्यासारखा वास. बायकोनं पदर नाकाला लावला, मग बोटाच्या टोकावर घेऊन चाखलं, मग पावाला लावून दोनदा खाल्लं. चीज मुरवताना वरून ब्रँडीनं धुतात, हे बाईंनी सगळं संपल्यावर सांगितलं. नेमका सोमवार होता.

दिवस दुसरा

मोंबारपासून मठ 6 किलोमीटर. बस नाही. बाईंनी टॅक्सी सांगून ठेवली होती, तिनं आम्हाला मारमान्य गावावरून दरीत आणून सोडलं. मेचा पहिला आठवडा, त्यामुळे वाटेत मोहरीसारखी पिवळीधमक शेतं आणि त्यांत पांढऱ्या गाई. पुढं शेतं संपतात, दोन्ही बाजूंनी जंगल जवळ येतं आणि अगदी शेवटी, आता काही नाहीच असं वाटत असताना, भिंत दिसते.

अशी आडबाजूची जागा मुद्दाम निवडलेली. हा मठ सिस्टर्शियन पंथाचा. या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाची सुरुवात 1098 मध्ये दिजोंजवळच्या सितो इथं झाली. जुने मठ श्रीमंत झाले, सुस्तावले, म्हणून काही संन्यासी बाहेर पडले : संत बेनेडिक्टनं संन्याशांना घालून दिलेले नियम जसेच्या तसे पाळायचे, स्वतःच्या हातानं राबायचं, गावापासून लांब राहायचं. या पंथाला वाढवला तो क्लेरवोच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड यानं. फोंतने त्यानंच वसवलं. नावाचं मूळ झऱ्यांत आहे, आणि खरंच, आत पाऊल टाकल्यापासून कुठून ना कुठून पाणी वाजत असतं.

आधी चर्च. बाहेरून बघितलं तर चर्च वाटूच नये. मनोरा नाही, दारावर संतांच्या रांगा नाहीत. सपाट दगडी भिंत, वर सात खिडक्या. 1139 ते 1147 या काळात बांधलं. पैसे दिले इंग्लंडमधल्या नॉरिचच्या बिशप एव्हरार्डनं, तो तिकडचं सोडून इथं येऊन राहिला होता. त्याचं थडगंही आतच आहे. चर्चचा अभिषेक करायला 1147 मध्ये खुद्द पोप युजीन तिसरे आले होते.

आत शिरलो आणि दोघंही दारातच थांबलो. लांबी 66 मीटर, उंची जवळजवळ 17. खाली फरशी नाही, बहुतेक ठिकाणी नुसती माती. पॅरिसमधल्या चर्चांतल्या रंगीत काचा बघून आलेले आम्ही. इथं एक रंग नाही. मधल्या उंच छताला खिडक्याच ठेवलेल्या नाहीत. उजेड येतो तो दोन टोकांकडून आणि बाजूच्या ओवऱ्यांमधून, खालून. त्यामुळे खांबांचे पाय उजळ आणि वरची कमान काळसर. मला आधी ती बांधकामातली चूक वाटली. मग लक्षात आलं, वरती बघण्यासारखं काही ठेवायचंच नव्हतं त्यांना. बर्नार्डनं तर एका पत्रात दगडात कोरलेल्या चित्रविचित्र प्राण्यांवर तोंडसुख घेतलंय : वाचत बसलेल्या संन्याशाचं लक्ष पुस्तकातून उडून त्या राक्षसांकडे जातं, आणि लाज वाटत नसेल तर निदान खर्चाचा तरी विचार करा, अशा अर्थाचं. मला हा माणूस पटला. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या मीटिंगला बोलवायला हवा होता.

सजावट म्हणावी अशी एकच गोष्ट : मेरीची दगडी मूर्ती, तेराव्या शतकाच्या शेवटाची. माणसाहून उंच. कडेवर बाळ, त्यानं एक हात आईच्या गळ्यात टाकलाय आणि दुसऱ्या हातात कबुतर छातीशी धरलंय. ही मूर्ती मधल्या काळात कितीतरी वर्षं जवळच्या तुइयों गावच्या स्मशानात उघड्यावर उभी होती. बायको तिच्यासमोर बराच वेळ थांबली. म्हणाली, "हिनं डावीकडं भार टाकलाय बघा. कडेवर पोर घेतल्यावर अशीच उभी राहते बाई." मी तोवर खांब मोजत होतो.

चर्चच्या कोपऱ्यातून एक दगडी जिना वर जातो, रात्रीचा जिना. मठवासी दिवसरात्र मिळून आठ वेळा प्रार्थना करायचे. पहिली ऐन रात्री. म्हणून झोपायची जागा चर्चला लागूनच, अंथरुणातून उठायचं आणि थेट खाली. वरचं शयनगृह म्हणजे एकच लांबलचक दालन. वर पंधराव्या शतकातलं ओकच्या लाकडाचं छत. जहाज पालथं घातलंय आणि आपण त्याच्या पोटात उभे आहोत असं वाटतं. माझी मान दुखेपर्यंत मी ते सांधे बघितले. खाली काय, तर जमिनीवर गवताच्या गाद्या, अंगावरच्या कपड्यांनिशी झोपायचं आणि शेकोटी नाही. बर्गंडीच्या थंडीत! राहत्या इमारतींत विस्तव पेटवायची परवानगी दोनच ठिकाणी, एक स्वयंपाकघर आणि दुसरी ऊबेची खोली. ही दुसरी खोली हातानं पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांच्या दालनाला लागून आहे. बोटं आखडली आणि शाई गोठली की इथं येऊन शेकून जायचं. तिथली एक चूल अजून शाबूत आहे. मी उगाच तिच्यापुढं हात पसरून बघितले.

मधला चौक, भोवतीच्या ओवऱ्या, सगळं बघितलं. चौक 36 बाय 38 मीटर, म्हणजे चौरसाला थोडा कमी, आणि हे कळल्यापासून मला तो वाकडाच दिसायला लागला. खांबांच्या डोक्यावर साधी पानं, त्यातही दर जोडीला जरा वेगळी. इथं पाट्यांवरची माहिती भरपूर आहे, ती मी सोडून देतो. कारण माझं सगळं लक्ष बाहेर ओढ्याकाठी होतं.

लोहारशाळा 53 मीटर लांब आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीची. माझी शेड तिच्या निम्मीपण नव्हती. आणि वर पत्रा नाही, दगडी कमानी, चर्चला शोभतील अशा. लोखंड मागच्या टेकडीतूनच काढायचे. ओढा वळवून भिंतीला लागून आणलाय, त्याच्यावर पाणचक्कीचं चाक आणि आत त्या चाकावर चालणारा मोठा घण. मूळचा कधीच गेला. आत्ताचा 2008 मध्ये युरोपातल्या तांत्रिक शाळांतल्या मुलांनी मिळून जुन्या पद्धतीनं बनवलेला. युरोपातल्या सगळ्यात जुन्या लोखंडाच्या कारखान्यांत याची गणना करतात.

म्हणजे बघा, प्रार्थना, मौन, गवताची गादी, आणि चर्चपासून चार पावलांवर घणाचे घाव. त्यांना त्यात विसंगत काही वाटत नव्हतं. राबणं हेही त्यांच्या नियमातच होतं. अर्थात भट्टीपाशी जास्त करून ‘कामकरी बंधू’ असायचे. हे दीक्षा घेतलेले, पण वाचनलेखनाचे नव्हेत. चर्चमध्येही त्यांची बसायची जागा वेगळी. ते वाचून जरा खट्टू झालो. शेवटी शॉप फ्लोअर आणि ऑफिस तिथंही होतंच.

पण चाक थांबलेलं. पाण्याचं दार बंद. मी कागद काढून, ‘सिल व्हू प्ले’ लावून तिथल्या मुलीला विचारलं. तिनं हसून मान हलवली : आज नाही. इतक्या लांब येऊन हॅमर बंद! मी बाजूनं, खालून, वाकून, जमेल तसा तो बघून घेतला. चाकाच्या आसावर कॅम, म्हणजे पुढं आलेले दाते, बसवलेत. आस फिरला की कॅम दांड्याच्या शेपटीवर दाबतो, डोकं वर उचललं जातं, कॅम निसटला की डोकं आपल्या वजनानं ऐरणीवर येतं. माझ्या बेल्ट ड्रॉप हॅमरमध्ये मोटर होती, हे सोडलं तर वेगळं काय होतं? शेड विकली तेव्हा तो किलोच्या भावानं भंगारात गेला. तिथं आता मंगल कार्यालय आहे.

पुढची गोष्ट मला दुपारी बाकावर बसून कळली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठ जप्त होऊन विकला गेला आणि इथं कागदाची गिरणी निघाली. 1820 मध्ये ती एली द मोंगोल्फिएनं घेतली. मोंगोल्फिए म्हणजे गरम हवेच्या फुग्यातून पहिल्यांदा माणूस आकाशात पाठवणारं तेच कागदवालं घराणं. त्यांचा एक जावई मार्क सेगां, रेल्वे इंजिनाचा अनेक नळ्यांचा बॉयलर शोधून काढणारा. तोही काही वर्षं इथं राहिला. ज्या ओढ्यावर घण चालत होता, त्याच ओढ्यावर आता कागदाचा लगदा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरणी बंद पडली आणि 1906 मध्ये याच कुटुंबाचा दुसरा जावई, लियोंचा बँकर आणि कलेचा षौकीन एदुआर एनार, यानं ती जागा घेतली. 1911 पर्यंत त्यानं गिरणीच्या इमारती पाडून काढल्या आणि मधला मठ पुन्हा उघडा केला. जागा आजही एनार कुटुंबाकडेच आहे. 1981 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नाव लागलं.

काम नक्कीच सुरेख झालंय. बायको म्हणाली, बाईचा मेकअप धुवून काढावा तसं. पण मला राहून राहून त्या गिरणीचं वाटत होतं. शंभर वर्षं तिथं लोक कामाला येत होते, त्यांचं काय उरलं? त्या माणसांनी चर्चच्या भिंतीला टेकून डबे खाल्ले असतील. लोहारशाळा वाचली, कारण ती बाराव्या शतकातली होती. कागदवाल्यांचा कारखाना फक्त शंभर वर्षांचा, म्हणून तो अडगळ ठरला. एनारच्या जागी मी असतो तर काय केलं असतं? पाडलंच असतं बहुतेक. पण एखादी खोली ठेवली असती.

परतीच्या टॅक्सीनं दगा दिला. पाचला यायची, सहापर्यंत पत्ता नाही, फोन कोणी उचलेना. दरवाजा बंद झाला, आम्ही दोघं आणि 1780 मध्ये लावलेलं चिनाराच्या जातीचं ते भलंमोठं झाड, एवढेच उरलो. म्हणून चालत निघालो. 6 किलोमीटर, गुडघे, आणि बायकोच्या पायात त्या नव्या सँडल. पण रात्री नऊपर्यंत उजेड असतो इथं मे महिन्यात, आणि जंगलातून कोकिळेची ती पाश्चात्य बहीण, जिचा आवाज घड्याळात ऐकला होता, ती सारखी ओरडत होती. बायको म्हणाली, "चावी कोण देतंय हिला?"

दिवस तिसरा

पाय सुजले होते, तरी शेजारच्या स्टेशनापर्यंत लोकल गाडी आणि पुढं टॅक्सी (वेगळी) करून फ्लाविन्यीला गेलो. वाटेत आलेझियाच्या टेकडीवर व्हेर्सिंजेतोरिक्सचा, रोमनांशी लढलेल्या गॉल लोकांच्या पुढाऱ्याचा, पुतळा लांबून दिसतो. इथल्याच वेढ्यात इसवी सनापूर्वी 52 मध्ये सीझरनं त्याला शरण आणलं. मिशा आमच्याकडच्या पैलवानांना लाजवतील अशा.

फ्लाविन्यी डोंगरावरचं तटबंदीचं गाव. तिथंही एक जुना मठ, बेनेडिक्टाइन, म्हणजे त्या बेनेडिक्टच्या पंथाचा. त्याचं चर्च बहुतेक पडलं, खाली आठव्या-नवव्या शतकातलं तळघर राहिलंय. पण लोक येतात ते वासासाठी. गावाच्या वेशीपासूनच बडीशेपेचा वास! म्हणजे नेमकी बडीशेप नव्हे, तिची धाकटी बहीण, अनीस. मठाच्या इमारतीत गोळ्यांचा कारखाना आहे. आत एक बी, सुमारे 2 मिलिग्रॅमचं. त्याच्यावर साखरेच्या पाकाचे पापुद्रे चढवत चढवत 15 दिवसांनी 1 ग्रॅमची वाटाण्याएवढी गोळी. फिरत्या पिंपांत गोळ्या घोळत असतात आणि माणूस मधूनच हात घालून चाचपतो. बायकोनं एक तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाली, "ओ, या तर जत्रेतल्या बडीशेपेच्या गोळ्या." तरी सहा डबे घेतले. डब्यावर मेंढपाळ आणि मेंढपाळीण आहेत, म्हणून वाटायला बरे.

इथं मठ दुरुस्त करून शोभेला ठेवलेला नाही, वापरात आहे. मला हे जास्त आवडलं, असं मी बोललोही. बायकोनं कालच्या मेरीची आठवण काढली आणि मला गप्प केलं.

दिवस चौथा

पॅरिसची गाडी दुपारची. सकाळी नाष्ट्याला मी काहीच बोललो नाही, तर बायकोच म्हणाली, "जाऊन या. नाहीतर कोल्हापूरपर्यंत तोंड असंच राहील." आणि स्वतःही पायताण घालून तयार.

दहाला दार उघडलं तेव्हा आमच्यापुढं शाळेच्या मुलांची रांग होती, साताठ वर्षांची पोरं, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पाटी. मी सरळ त्यांच्यामागून लोहारशाळेत घुसलो. कोणी अडवलं नाही.

एका माणसानं जाऊन पाण्याचं दार उचललं. आधी काहीच झालं नाही. मग चाकाच्या फळ्यांवर पाणी पडल्याचा आवाज, मग लाकूड कुरकुरलं. आस फिरायला लागला, अगदी सावकाश, आणि पहिला कॅम दांड्याच्या शेपटीला लागला. डोकं वर गेलं. सुटलं.

ऐरणीवर तापलेला तुकडा नव्हता, नुसताच घाव. तरी जमिनीतून तळपायाला जाणवला. पोरांनी कान झाकले आणि किंचाळली. दुसरा घाव. तिसरा. पाणी वाढलं तसा ठेका जमला. मी भिंतीला हात लावून उभा होतो; दगडही थरथरत होता, अगदी थोडा. आठशे वर्षांपूर्वी पलीकडं नकला करणाऱ्याच्या हाताखालचं लिहायचं कातडंही असंच हललं असेल, असं उगाच मनात आलं.

बायको माझ्या चांगल्या कानाकडं वाकली. "तुमची रात्रपाळी असायची ना," ती म्हणाली, "तेव्हा हा चालू असताना मला गाढ झोप लागायची. बंद पडला की जाग यायची."

एवढ्या वर्षांत हे कधी बोलली नव्हती. मी काही म्हणेपर्यंत त्या माणसानं दार खाली सोडलं. पाणी तुटलं, चाकानं दोन फेरे आणखी घेतले, घण अर्ध्यात उचललेला तसाच अडकून राहिला. पोरं पळाली. बाहेर रस्त्यावर टॅक्सीवाला हॉर्न देत होता; आज तो दहा मिनिटं आधीच आला होता.